उन्हाचा गोल

फुटबॉलचे मैदान दक्षिणोत्तर आखावे, म्हणजे कलते ऊन कोणत्याही एका गोलकीपरच्या डोळ्यांवर येत नाही, हा साधा नियम आमच्या कॉलेजचे मैदान आखणाऱ्याला ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असूनही त्याचा नाइलाज झाला असावा; कारण दक्षिणेला नाला होता, उत्तरेला रेल्वेची हद्द होती आणि या दोहोंच्या मध्ये उरलेली लांबट काळी पट्टी पूर्व-पश्चिमच पडत होती. परिणामी संध्याकाळी साडेचारनंतर जो पूर्वेकडच्या गोलमध्ये उभा राही, त्याला समोर ना मैदान दिसे, ना माणसे, ना चेंडू. दिसे तो नुसता पांढरा झोत. आम्ही त्याला ‘उन्हाचा गोल’ म्हणत असू. सरावाच्या वेळी तिथे कोणी उभे राहायचे यावरून रोज वाद होई आणि शेवटी आदल्या दिवशी ज्याने दांडी मारली असेल त्याच्या गळ्यात ते काम पडे.

1992 सालच्या ऑक्टोबरात याच मैदानावर आम्ही दोन गोलांनी मागे असताना एक सामना 3-2 असा जिंकला. त्या सामन्याची गोष्ट मी तेव्हापासून इतक्या वेळा सांगितली आहे, की ती आता आपोआप तोंडातून बाहेर पडते. कुठे थांबायचे, कुठे आवाज उतरवायचा, हेसुद्धा ठरून गेले आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र एका शेतात जेवायला बसलो असताना ती मला पलीकडच्या बाजूने ऐकायला मिळाली, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी सांगणे मला जमेनासे झाले आहे.

ते वर्ष आमच्या भागात सुरुवातीपासूनच बिघडलेले होते. मृगाच्या भरवशावर लोकांनी धूळपेरणी केली, दोन सरी येऊन गेल्या, सरकीने जेमतेम डोके वर काढले आणि पावसाने ओढ दिली. पंधरा-वीस दिवसांत कोवळी कपाशी जागच्या जागी करपली. जुलैत पुन्हा उधारीवर बियाणे आणून दुबार पेरणी झाली, आणि मजुरीला पैसा नसल्यामुळे ती घरच्याच माणसांनी केली. साहजिकच, कॉलेजात नाव घातलेली निम्मी मुले ऑगस्ट उजाडेपर्यंत वर्गात दिसली नाहीत. मैदानावर तर त्याहून कमी. फुटबॉलला अकरा माणसे लागतात, हे वाक्य खांदेशात त्या वर्षी फार मोठे वाटत होते. नियमाप्रमाणे संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही; आमच्या सरावाला कित्येक दिवस तेवढे सातही जमत नसत. सहा जण असलो की आम्ही तिघे-तिघे वाटून घेऊन एकाच गोलवर खेळत असू.

आशा मात्र त्याच वर्षी जास्त होती. जळगावचे विद्यापीठ, ज्याला आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, ते 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झाले होते. त्याआधी आमच्याकडची कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या मुलाने पुण्याच्या, नाशिकच्या मुलांना मागे टाकून विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणे ही बोलून दाखवण्याचीही गोष्ट नव्हती. आता जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडची कॉलेजे एवढाच आवाका उरला होता. संघात निवड झाली की पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायला मिळे, आणि त्याचे प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या अर्जाला जोडता येई. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी खेळाचा एवढा एकच उपयोग समजत असे, आणि तोही अर्धाच पटत असे.

संघाची सामग्री सांगण्यासारखी नव्हती, म्हणूनच सांगतो. जर्सी चौदा, त्यातली नऊ नंबरची कुठे गेली ते जिमखान्याच्या रजिस्टरलाही ठाऊक नव्हते. स्टडचे बूट सात जोड. ते फॉरवर्ड आणि हाफ यांना, उरलेल्यांना कॅन्व्हसचे. चेंडू दोन, एकाचा ब्लॅडर गळका, म्हणून सरावाआधी तो स्टेशन रोडवरच्या सायकलच्या दुकानात नेऊन हवा भरायची आणि हवा उतरायच्या आत सराव संपवायचा. दुसरा बरा होता, तो सामन्यासाठी राखलेला. चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असावे असे नियम सांगतो. आमचा गळका चेंडू सप्टेंबरच्या ओल्या मातीत लोळून आला की किती भरत असेल, याचा अंदाज ज्याने तो डोक्याने मारला आहे त्यालाच येईल. कारण जुलैत रुसलेला पाऊस पुढे असा आला, की मैदानाचा गारा झाला आणि बुटांना मातीचे गोळे चिकटू लागले. मग ऑक्टोबरचे ऊन तापले आणि त्याच मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या. अशाच एका भेगेत माझा पाय अडकला, घोटा मुरगळला, आणि डाव्या बॅकच्या जागेवरून मी ‘एक्स्ट्रा’ झालो. संघाचे फार नुकसान झाले असे नाही.

खरे नुकसान गोलकीपरचे झाले. तो जामनेरकडचा होता. सकाळी पी.जे.ने, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या त्या अरुंद रुळांच्या गाडीने, तो पाचोऱ्याला येई आणि तिथून पॅसेंजर धरून आमच्या गावी. परतीची गाडी चुकू नये म्हणून त्याला सराव अर्धाच मिळे, तरी त्या अर्ध्या सरावातसुद्धा तो आमच्यात सगळ्यांत तयारीचा होता. दसऱ्याच्या सुमारास घरच्या बैलगाडीचे जू उचलताना त्याचे बोट मोडले. त्याच्या जागी आम्ही व्हॉलीबॉल खेळणारा एक उंच मुलगा उभा केला. अंगावर आलेला चेंडू पकडायचा असतो, हे त्याला पटतच नसे. तो प्रत्येक चेंडू दोन्ही मुठींनी दूर फेकी आणि मग कोणीतरी तो उचलावा अशा अपेक्षेने इकडेतिकडे बघे.

सामन्यांबद्दल थोडक्यात सांगितलेले बरे. सप्टेंबरात भुसावळला मैत्रीपूर्ण सामन्यात आम्ही पाच गोल खाल्ले. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेली ती मुले चेंडूकडे न बघता पास देत होती आणि आमची मुले ते बघत उभी राहिली होती. नंतर आमच्याच मैदानावर चार कॉलेजांची साखळी झाली. पहिले दोन सामने आम्ही हरलो. शेवटच्या दिवशी सकाळी इतर दोन संघांची बरोबरी झाली, त्यामुळे दुपारचा आमचा सामना सुरू होण्याआधीच हिशेब उघड होता. विजयाला तेव्हा आमच्याकडे दोनच गुण असत. समोरच्या संघाकडे तीन गुण होते; त्यांना फक्त बरोबरी हवी होती, कारण गोलांच्या फरकात ते पुढे होते. आम्ही जिंकलो असतो तरी चौथे आणि हरलो असतो तरी चौथे. ही गोष्ट मी सांगताना नेहमी गाळत आलो, कारण तिने गोष्टीचा जोर कमी होतो.

सामना चारला सुरू व्हायचा होता. भुसावळहून रेफ्री आले, एक लाइन्समन आले, दुसऱ्यांची बस हुकली. (1996 नंतर त्यांना सहायक रेफ्री म्हणू लागले, तेव्हा लाइन्समनच.) रेफ्रींनी दोन्ही कॅप्टनना विचारले. पाहुण्या संघाबरोबर एकच जादा खेळाडू होता आणि तो त्यांना हाताशी हवा होता. आमच्या कॅप्टनने माझ्याकडे बोट केले. मी लंगडत पुढे झालो. पाहुण्यांच्या कॅप्टनने माझ्या पट्टी बांधलेल्या घोट्याकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, “चालेल ना. याच्यात काय.” जिमखान्याच्या टेबलावर अंथरायच्या लाल कापडाचा एक तुकडा फाडून तुरीच्या काठीला बांधला आणि माझा झेंडा तयार झाला. रेफ्रींनी मला बाजूला घेऊन बजावले, “चेंडू रेषेबाहेर गेला की वर करायचा. बाकी काही नाही. ऑफसाइड माझं मी बघतो.” ऑफसाइड म्हणजे चेंडू पुढे दिला जाताना तो घेणारा समोरच्या संघाच्या शेवटच्या बॅकच्याही (बचावाच्या खेळाडूच्या) पुढे, गोलजवळ असणे; तसा झालेला गोल धरत नाहीत. त्यांच्या सांगण्यात वावगे काही नव्हते. संघातलाच कोणी लाइनवर उभा केला तर त्याच्याकडे एवढेच काम ठेवतात. माझ्याकडे उत्तरेची रेषा आली, तीही पूर्वेकडची अर्धी.

टॉस त्यांनी जिंकला आणि पश्चिमेचा गोल घेतला. चार वाजता ऊन अजून बरेच वर होते, पण आमचा व्हॉलीबॉलपटू त्या उन्हाकडे तोंड करून उभा होता, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याने दोन चेंडू मुठींनी मारले ते सरळ त्यांच्या फॉरवर्डच्या पायांशी. दोन-शून्य. दुसऱ्या गोलनंतर आमचा एक हाफ कमरेवर हात ठेवून रेल्वेच्या हद्दीकडे बघत बसला. तिथून एक मालगाडी जात होती आणि तो चक्क डबे मोजत होता.

हाफ टाइमला सर आले. आमचे फिजिकल डायरेक्टर मुळात कुस्तीचे. फुटबॉल त्यांना कळत असे तो आकाशवाणीवरून आणि वर्तमानपत्रांतून, पण त्या ज्ञानात एक गोष्ट पक्की होती, आणि ती म्हणजे 1962 सालची जकार्ता येथील आशियाई स्पर्धा. भारत तिथे पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला होता, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला 2-1 ने हरवून सुवर्णपदक घेऊन आला. त्यात जर्नेलसिंग हा मूळचा बचावाचा खेळाडू डोक्याला जखम असताना, पट्टी बांधून, पुढे फॉरवर्ड म्हणून खेळला आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्याचा होता. प्रशिक्षक रहीमसाहेबांचा हा डाव सर वर्षातून निदान चारदा सांगत. त्यामुळे ते आता जर्नेलसिंगवर येणार या तयारीने आम्ही खाली मान घालून बसलो होतो.

ते जर्नेलसिंगवर आले नाहीत. आमच्या स्टॉपरला, म्हणजे बचावातल्या मधल्या खेळाडूला, जो पारोळ्याकडचा, सहा फुटांचा आणि बोलायला अत्यंत कंजूष होता, त्याला त्यांनी विचारले, “यंदा कापूस कितींदा लावला रे?”

“दोनदा, सर.”

“पहिला?”

“गया ना, सर. कोरडामाच गया.”

“मग दुसऱ्यांदा लावला तेव्हा घरात कोणी भाषण केलं होतं?”

स्टॉपर विचारात पडला. “नाही, सर.”

“मग मीपण करत नाही. पाणी प्या. तू पुढे जा, फॉरवर्डला.”

एवढेच. पुढे माझ्या गोष्टीत या संवादाला मी फार महत्त्व दिले. ‘दुबार पेरणी’ हा शब्द मी लग्नांतून, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून आणि एकदा तर सरांच्या सत्काराच्या भाषणातूनही वापरला, आणि वापरून वापरून तो इतका गुळगुळीत केला की आता तो तोंडात आला की मलाच कसनुसे होते. सर त्या दिवशी धीर देत नव्हते. त्यांचेही शेत होते, त्यांचाही कापूस दोनदा लागला होता, आणि दुसऱ्यांदा लावताना माणूस शूर असतो म्हणून लावत नाही, रान मोकळे ठेवता येत नाही म्हणून लावतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. डाव मात्र जर्नेलसिंगचाच होता. फक्त त्यांनी नाव घेतले नाही.

दुसरा हाफ पाचला पाच मिनिटे असताना सुरू झाला. आता पाहुण्यांचा गोलकीपर उन्हाच्या गोलमध्ये होता. त्याने टोपी आणली नव्हती. आणणार कशाला, चार वाजता त्याची गरज नव्हती. आमच्या मुलांना कोणी काही सांगितले नव्हते, तरी पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी चेंडू उंच मारायला सुरुवात केली. त्या मैदानावर दोन-दोन वर्षे संध्याकाळी खेळलेल्या मुलांच्या पायांना हे सांगावे लागत नव्हते.

पहिला गोल असाच झाला. मधल्या वर्तुळाजवळून आमच्या हाफने नुसताच उंच चेंडू पुढे फेकला. गोलकीपरने डावा हात कपाळावर धरला, दोन पावले पुढे टाकली, थांबला, आणि मग चेहरा इकडून तिकडे फिरवत चेंडू शोधू लागला. चेंडू त्याच्या पुढ्यात, ऑक्टोबरच्या उन्हाने विटेसारख्या झालेल्या मातीवर पडला, त्याच्या डोक्यावरून उसळला आणि गोलमध्ये गेला. गोलची जाळी मागून फाटलेली होती, त्यामुळे तो तिथे न थांबता मागच्या बाभळींत शिरला. आमच्या संघाने आनंद केला नाही. अकराच्या अकरा जण काट्यांकडे धावले, कारण चांगला चेंडू तो एकच होता. त्यांच्यातल्या एकाने तो बाहेर काढला, दाबून पाहिला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. टाळ्या पडल्या त्या तेव्हा.

दुसऱ्या गोलची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात त्या वर्षाचा शिक्का आहे. 1992 च्या उन्हाळ्यापर्यंत बॅकने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर खुशाल हातात उचलून घेई; वेळ काढायचा तो राजमार्ग होता. त्या जुलैपासून नियम बदलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हाताळला तर समोरच्या संघाला त्याच जागेवरून अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यातून सरळ गोल धरत नाहीत, आधी दुसऱ्या कोणाचा स्पर्श व्हावा लागतो, अशी. नियम तीन महिन्यांचा होता आणि आमच्याकडे तो पोहोचला होता तो त्या रेफ्रींच्या खिशातल्या टाचणी लावलेल्या कागदापुरता. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास त्यांच्या बॅकने, पुन्हा उंच चेंडू येऊ नये म्हणून, आपल्या गोलकीपरला हळूच मागे पास दिला. त्याने तो उचलला. शिट्टी वाजली.

त्यानंतर जे झाले ते मैदानावर मी पुन्हा कधी पाहिले नाही. त्यांचा सगळा संघ रेफ्रींभोवती जमला. आमचाही जमला, कारण आम्हालाही काही कळले नव्हते. आमचा कॅप्टन तर एकदा “राहू द्या सर, आम्हाला नको” असेही म्हणाल्याचे मला ऐकू आले. रेफ्रींनी कागद काढला, उघडला, वाचून दाखवला. वाद चारएक मिनिटे चालला. शेवटी सात-आठ मीटरवर चेंडू ठेवला, त्यांची नऊ-दहा माणसे गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आमच्या एकाने चेंडू बाजूला सरकवला आणि दुसऱ्याने मारला तो कोणाच्या तरी नडगीला लागून आत. दोन-दोन. निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि त्या बरोबर निर्णयानेच ते लोक मोडले. पुढची पंधरा मिनिटे ते खेळत नव्हते. एकमेकांना, रेफ्रींना आणि त्या कागदाला शिव्या देत होते. बरोबरीनेही त्यांचे काम होत होते, हे त्यांच्यातल्या कोणाच्या ध्यानात उरले होते की नाही कोण जाणे.

आता तिसरा गोल.

पाच-दहा मिनिटे उरली असतील. ऊन इतके खाली आले होते की माणसांच्या सावल्या दहा-बारा मीटर लांब होऊन पूर्वेकडे पडल्या होत्या. मी शेवटच्या बॅकच्या रेषेत उभा होतो. लाइनवर कसे उभे राहायचे हे मला कोणी शिकवले नव्हते, पण तिथून सगळ्यांत चांगले दिसते म्हणून मी तिथे होतो. आमचा राइट हाफ चेंडू घेऊन आला आणि त्याने दोन बॅकच्या मधून तो पुढे ढकलला. त्या क्षणी आमचा स्टॉपर, सहा फुटांचा, कमी बोलणारा, शेवटच्या बॅकच्या पुढे होता. त्याच्या सावलीचे डोके बॅकच्या सावलीच्या पुढे होते. त्यावर मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला समजावले, की उंच माणसाची सावली लांबच पडणार, तिच्यावरून काही ठरत नाही. शिवाय 1990 पासून बॅकच्या बरोबरीने असलेला खेळाडू ऑफसाइड धरत नाहीत, तेव्हा बरोबरीतच असेल. पण मी सावल्यांबरोबर पायही पाहिले होते. तो हातभर पुढे होता.

रेफ्री मागून धावत येत होते. “ऑफसाइड माझं मी बघतो” म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी धावता धावता एकदा माझ्याकडे पाहिले. मी चेंडूकडे पाहिले. तुरीच्या काठीचे टोक माझ्या बुटाजवळ मातीत टेकलेले होते, ते तिथेच राहिले. स्टॉपरने चेंडू सरळ पुढे मारला. गोलकीपर कपाळावर हात धरून उभा होता, आणि त्याच्यापासून दोन हातांवरून चेंडू आत गेला.

कोणी काही बोलले नाही. एका बरोबर निर्णयावर चार मिनिटे भांडलेल्या त्या संघाने हा गोल निमूटपणे मान्य केला. त्यांचे दोन बॅक तू मागे राहिलास, तू मागे राहिलास, असे एकमेकांवर ओरडत होते, आणि माझ्याकडे कोणाचे लक्षही नव्हते.

संध्याकाळी सरांनी स्वतःच्या खिशातून स्टेशन रोडवरच्या खानावळीत सगळ्यांना शेवभाजी खिलवली. व्हॉलीबॉलपटूने दोन वाट्या रस्सा नुसताच प्यायला. बोट मोडलेला गोलकीपर सामना बघायला आला होता. त्याची शेवटची गाडी गेली, म्हणून तो होस्टेलवरच झोपला. त्या रात्री मी कोणाला काही बोललो नाही, आणि नंतर बोलावे असे वाटले तेव्हा गोष्ट माझ्याशिवायच पुरी झालेली होती. माझ्या सांगण्यात मी ‘घोटा मुरगळलेला एक्स्ट्रा’ एवढाच उरलो. झेंडा गळून गेला. गुणतक्त्यात आम्ही चौथेच राहिलो. पाहुण्यांचे तीन गुण तीनच राहिले आणि सकाळी बरोबरी करून गेलेला एक संघ पुढे गेला.

गेल्या हिवाळ्यात यावल तालुक्यात एका परिचितांच्या शेतात भरीत पार्टीला गेलो होतो. बामणोदकडची हिरवी लांबट वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजत होते, माणसे केळीच्या पानांवर बसत होती, आणि कोणीतरी ओळख करून देताना माझा फुटबॉल निघाला. गोष्ट मी सुरू केली. मृग, धूळपेरणी, चौदा जर्सी. हाफ टाइमपर्यंत पोहोचलो होतो तेव्हा माझ्या समोर बसलेले, कानाशी पिकलेले, केळीचा व्यापार असलेले एक गृहस्थ घास हातात धरून म्हणाले, “भाऊ, त्या उन्हाच्या गोलमध्ये मी होतो.”

बाकीचे हसले. मग गोष्ट त्यांनी पुढे नेली. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाले, टॉस जिंकून पश्चिम घेतली ही आमचीच चूक. आम्ही चारचे ऊन पाहिले, पाचचे पाहिले नाही. मागे पास दिला तो त्यांचा चुलतभाऊ होता आणि त्या दोघांत त्यावरून वर्षभर अबोला होता. विद्यापीठाच्या निवडीला साखळीतून पुढे गेलेल्या संघाची मुले जास्त दिसली. त्यांना बोलावणे आले नाही, आणि पुढच्या वर्षी वडील गेल्यामुळे ते कॉलेजातच आले नाहीत. हे सगळे ते भरतात कांद्याची पात कुस्करत, दुसऱ्या कोणाचे सांगावे तसे सांगत होते.

“तुम्ही कुठल्या जागेवर होता?” त्यांनी विचारले.

“मी खेळत नव्हतो. लाइनवर होतो.”

“अच्छा, तो लाल झेंडा तुम्ही!” त्यांचा चेहरा उजळला. “त्या उन्हात मला तेवढी एकच गोष्ट नीट दिसत होती, बरं का. तिसरा गोल तर मी पाहिलाच नाही. चेंडू कुठून आला, कसा गेला, काही नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. झेंडा खाली होता. मग म्हटलं, झाला गोल.”

मी पाणी प्यालो. शेजारचे कोणीतरी दुसऱ्याच विषयावर गेले होते.

“तो ऑफसाइड होता,” मी म्हणालो.

त्यांचा हात पानावर थांबला. “किती?”

मी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. त्यांनी तो पाहिला, थोडा जास्तच वेळ पाहिला, आणि मग वाढणाऱ्या पोराला हाक मारली.

“इकडे ये रे. यांच्या पानात भाकरी नाही.”